तपासणीत पास झालेला क्रँक पावसाळ्यानंतर पुन्हा करकरतो तेव्हा

तक्रार नेहमीची आहे. रोड सायकलचा क्रँक, म्हणजे पेडल धरणारे दोन दांडे (आर्म) आणि त्यांना जोडणारा भाग, चढावर करकरतो. मेकॅनिक बॉटम ब्रॅकेट (बीबी), म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग, खोलतो, ग्रीस भरतो, सगळं आवळतो, आवाज बंद होतो. पंधरा-वीस दिवसांनी रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचा चढ लागला की पुन्हा तीच करकर. मग कुणीतरी रिकॉलची, म्हणजे शिमानोने काही क्रँक दोषामुळे परत मागवल्याची, आठवण करून देतं. सायकल पुण्याला नाहीतर मुंबईला डीलरकडे जाते, 'ठीक आहे, वापरा' असा शेरा घेऊन परत येते. एक पावसाळा जातो, नारळी पौर्णिमेच्या सुमारास सायकल बाहेर निघते आणि आवाज हजर.

यात डीलरने फसवलं असंच असतं असं नाही. क्रँकच्या आर्मचा चिकटवलेला सांधा त्या दिवशी खरंच बंद दिसला असेल. पण या क्रँकची तपासणी फक्त तपासणीच्या दिवसाबद्दल सांगते. कोकणपट्टीवर, समुद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत सायकल राहत असेल, तर तो शेरा वर्षभरासाठी धरून चालणं धोक्याचं आहे.

कुठले क्रँक, ते आधी पाहा

२१ सप्टेंबर २०२३ रोजी शिमानोने अमेरिका आणि कॅनडात ११ स्पीडचे, चिकटवून जोडलेले 'हॉलोटेक टू' प्रकारचे रोड क्रँक परत मागवले. दोन्ही देश मिळून सुमारे ७ लाख ६० हजार नग. क्रँक सुटण्याच्या साडेचार हजारांहून जास्त तक्रारी आणि ६ जखमींची नोंद तोवर झाली होती. त्यात हाडं मोडलेले आणि सांधे निखळलेलेही होते. उत्तर अमेरिकेबाहेर कंपनीने याच क्रँकसाठी मोफत तपासणी आणि बदलीची मोहीम जाहीर केली. म्हणजे 'ही अमेरिकेची नोटीस, आपला काय संबंध' हे काउंटरवरचं उत्तर मान्य करू नका.

मॉडेल पाच. अल्टेग्रा एफसी-६८००, अल्टेग्रा एफसी-आर८०००, ड्युरा-एस एफसी-९०००, ड्युरा-एस एफसी-आर९१००, आणि त्याचंच पॉवर मीटरवालं रूप एफसी-आर९१००-पी. बनावटीचा काळ १ जून २०१२ ते ३० जून २०१९. या यादीत शिमानोचा १०५ हा क्रँक नाही, १२ स्पीडचा नवा अल्टेग्राही नाही. आपल्याकडे वापरलेल्या इम्पोर्टेड सायकली बऱ्याच फिरतात, आणि त्यात फ्रेम एका वर्षाची तर क्रँक भलत्याच वर्षाचा असं सर्रास असतं. म्हणून सायकल कुठल्या साली घेतली यावरून काहीच ठरवू नका, क्रँकवरचा कोड वाचा.

कोड दोन इंग्रजी अक्षरांचा असतो, क्रँक आर्मच्या आतल्या म्हणजे फ्रेमकडच्या बाजूला, पेडल बसतं त्या टोकाजवळ. पहिलं अक्षर वर्षाचं: के म्हणजे २०१२, एल २०१३, एम २०१४, एन २०१५, ओ २०१६, पी २०१७, क्यू २०१८, आर २०१९. दुसरं महिन्याचं: ए म्हणजे जानेवारी, तिथून ओळीने एलपर्यंत, एल म्हणजे डिसेंबर. एनसी असेल तर मार्च २०१५, क्यूके असेल तर नोव्हेंबर २०१८. केएफपासून आरएफपर्यंत सगळे यादीत येतात.

वाचताना एक घोळ हमखास होतो. इंग्रजी ई आणि एफ यांत फरक फक्त खालच्या आडव्या रेघेचा, आणि ती रेघ काळ्या चिखलात भरून जाते. केई म्हणजे मे २०१२, यादीबाहेर. केएफ म्हणजे जून २०१२, यादीत. शंका असेल तर आर्म साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, अक्षरांवर पातळ कागद धरून वर पेन्सिल आडवी घासा. ठसा कागदावर उमटतो. पॉलिश पेपर मात्र लावू नका. अक्षरं गेली तर दाव्याचा आधारच गेला. ओ आणि क्यू यांत गोंधळ झाला तरी बिघडत नाही, दोन्ही वर्षं यादीतच आहेत.

मॉडेल नंबर आणि कोड, दोन्हींचा स्वच्छ फोटो आजच काढून ठेवा. खाऱ्या हवेत ही अक्षरं दरवर्षी थोडी थोडी पुसट होत जातात.

इथेच का परत परत

या क्रँकचा आर्म आतून पोकळ असतो. वजन कमी ठेवण्यासाठी ॲल्युमिनियमचे दोन तुकडे बनवून ते गोंदाने चिकटवलेले असतात, बोल्ट किंवा वेल्डिंग नाही. हा गोंद ताकदवान असतो, पण तो धातूला धरतो म्हणजे धातूच्या पृष्ठभागावरच्या अगदी पातळ थराला धरतो. सांध्याच्या कडेतून ओल आत शिरली की त्या थराखालचं ॲल्युमिनियम गंजायला लागतं. हा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो. पांढरी भुकटी असते, आणि मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. त्यामुळे ती आतून पाचरीसारखं काम करते. प्रत्येक पॅडल मारताना आर्म किंचित वाकतो, भेग किंचित उघडते, आणखी ओल आत जाते.

आता मीठ. सायकलवर बसलेलं मीठ कोरडं दिसलं तरी कोरडं राहत नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. कोकणात पावसाळाभर आणि एरवीही कित्येक रात्री ती त्याच्या वर असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. म्हणजे जानेवारीच्या कोरड्या दुपारीसुद्धा त्या सांध्यात खारट ओल असू शकते. देशावरच्या सायकलला असा बाराही महिन्यांचा ओलावा नसतो. शिवाय ट्रेनरवर घाम गाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की घामसुद्धा खारटच, आणि तो थेट क्रँकवर ठिबकतो.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर सायकल रॅम्पजवळ उभी केली की खालून येणारे शिंतोडे नेमके बीबी आणि क्रँकवर बसतात. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास असला तरी ते मीठ नंतर कुणी धूत नाही. मुंबई-गोवा किनाऱ्याने जाणारे तर एका फेरीत चार-पाच खाड्या ओलांडतात.

मेकॅनिकने ग्रीस भरल्यावर आवाज का जातो, त्याचंही उत्तर यातच आहे. क्रँक काढताना तो पुसला जातो, डिग्रीजर किंवा तेल सांध्यात झिरपतं, आणि थोडे दिवस घासणाऱ्या पृष्ठभागांना वंगण मिळतं. अशा वेळी आवाज बहुधा बीबीचं ग्रीस थांबवत नाही, आर्मच्या सांध्यात चुकून गेलेलं तेल थांबवतं. तेल वाहून गेलं की आवाज परत. याच कारणाने, ग्रीस भरून पंधरा-वीस दिवसच बरं वाटतं ही खूण आम्ही सगळ्यात गंभीर मानतो.

आवाज नक्की कुठून येतो

कोड यादीत असेल तर आवाज शोधायला घाट गाठू नका. घराजवळचा सपाट, मोकळा रस्ता घ्या, वेग कमी ठेवा, हलक्या पायाने पॅडल मारा. सांधा थोडा जरी उघडलेला दिसत असेल तर तेवढंही नको, थेट पुढच्या भागावर जा.

पॅडल थांबवून सायकल नुसती पळू द्या. तरी आवाज येत असेल तर क्रँकचा संबंध नाही, चाक किंवा ब्रेक पाहा. पॅडल मारतानाच येत असेल तर सीटवरून किंचित उठून मारा. उठल्यावर गेला तर सीट किंवा सीटपोस्ट. राहिला तर एक पाय काढून घ्या आणि एकाच पायाने मारा, मग दुसऱ्याने. एकाच बाजूला, पॅडल पुढे आडवं असताना, प्रत्येक फेरीत एकदा 'कट्' होत असेल तर संशय पेडल, चेनरिंगचे (चेन चढते त्या पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट, बीबी आणि आर्म या चौघांवर येतो.

पेडल आधी, कारण सगळ्यात स्वस्त. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरून ते ओढत बसल्याने आर्मचे आटे गेलेली उदाहरणं पुष्कळ आहेत. काढा, आटे फडक्याने पुसा, ग्रीस लावा, ३५ न्यूटन मीटरवर (आवळण्याच्या जोराचं माप, टॉर्क रेंचवर दिसतं) आवळा. त्यानंतर चेनरिंगचे बोल्ट एकेक काढून पुसून, शिमानोच्या ११ स्पीड क्रँकला १२ ते १४ न्यूटन मीटरवर लावा.

मग क्रँक काढा. डाव्या आर्मचे दोन बोल्ट ५ मिमी ॲलन कीने सैल करा, मधली छोटी प्लॅस्टिकची अडकण टोकदार स्क्रूड्रायव्हरने उचला, बाहेरची प्लॅस्टिक टोपी तिच्या हत्याराने फिरवून काढा. आर्म हाताने निघतो. चेन लहान चेनरिंगवरून खाली उतरवा, ॲक्सलच्या (बीबीतून आरपार जाणाऱ्या दांड्याच्या) टोकावर रबरी हातोडीने हलकेच मारा, उजवा भाग बाहेर येतो. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. वाळूसारखं लागलं तर बीबी गेलाय. आटेवाला बीबी असेल तर कप ३५ ते ५० न्यूटन मीटरवर आवळलेत का पाहा. चेनच्या बाजूचा कप बहुतेक सायकलींवर उलट्या आट्याचा असतो, इटालियन आट्याच्या फ्रेमवर तसा नसतो. प्रेस-फिट, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवलेला, बीबी असेल तर आवाज फ्रेमच्या खोबणीतून येण्याची शक्यता मोठी. तिथे मात्र आर्मला दोष देण्याआधी बीबी काढून खोबण पुसून घ्या.

परत बसवताना टोपी ०.७ ते १.५ न्यूटन मीटर, म्हणजे बोटांच्याच जोराने. जास्त आवळली की बेअरिंग दोन महिन्यांत मरतं आणि नवाच आवाज सुरू होतो. दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटन मीटर, आलटून पालटून. एक आवळला की दुसरा ढिला पडतो, म्हणून निदान तीन फेऱ्या करा. हे दोन बोल्ट अंदाजाने आवळणं आपल्याकडच्या दुकानांत सगळ्यात जास्त चालतं. टॉर्क रेंच नसेल त्या दुकानात हे काम देऊ नका.

इतकं सगळं करूनही 'कट्' राहिला, तर उरतो आर्म.

सांधा कसा पाहायचा

दिवसा उजेडात, आणि वर मोबाइलची टॉर्च. आर्मच्या आतल्या बाजूला कडेने जाणारी केसाएवढी रेघ म्हणजे सांधा. डावा-उजवा दोन्ही आर्म पाहा, पण उजव्याला, त्यातही ॲक्सलकडच्या टोकाला, जिथे आर्म आणि चेनरिंग धरणारे चार हात एकत्र येतात तिथे जास्त वेळ द्या. पायाचा सगळा जोर तिथे वळतो.

आधी साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. मग कोरड्या सुती फडक्याने पुसून तासभर उन्हात ठेवा. आता टॉर्च आडवी धरा, समोरून नाही. आडव्या उजेडात रेघेला सावली पडते का पाहा. धड सांध्यावर नख फिरवलं तर अडकत नाही. उघडायला लागलेल्या सांध्यावर नख एका जागी अडतं, आणि दर वेळी त्याच जागी. रेघेतून पांढरी भुकटी बाहेर आली असेल, किंवा पुसल्यावर पुन्हा काळी शाईसारखी रेघ उमटत असेल, तर आतले पृष्ठभाग एकमेकांवर घासले जातायत. आणखी एक खूण सहज सुटते. धुऊन वाळवलेली सायकल तासाभराने उचलली की सांध्यातून पाण्याचा एखादा थेंब पाझरतो. पोकळीत पाणी शिरलं आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही.

शेवटी दाबून पाहायचं. कुणाला तरी ब्रेक धरायला सांगा, आर्म पुढे आडवा ठेवा, पेडलवर तळहाताने जोर द्या आणि सोडा. सायकलवर उभं राहून नव्हे, फक्त हाताने. दुसऱ्याने टॉर्च धरून रेघ पाहावी. उघडलेला सांधा दाबाबरोबर किंचित श्वास घेतल्यासारखा हलतो, आणि ओला असेल तर त्यातून बुडबुडा येतो. यापैकी एक जरी खूण दिसली तर सायकल त्याच क्षणी बंद. घरापर्यंतसुद्धा ढकलत न्या. हे आर्म वाकून सूचना देत नाहीत, चढावर उभं राहून पूर्ण वजन टाकलं की एकदम सुटतात.

खूण दिसली नाही तरी तारखेसह फोटो ठेवा, शेजारी पट्टी धरून. पुढची तपासणी कधी? आमच्या मते यादीतल्या क्रँकसाठी वर्षातून दोनदा पक्की: आगोटीच्या तयारीत सायकल झाकून ठेवण्याआधी एकदा, आणि नारळी पौर्णिमेला बाहेर काढल्यावर पहिली राइड करण्याआधी दुसऱ्यांदा. पावसातही चालवणाऱ्यांनी दर महिन्याला. फोटो शेजारी-शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना कळतो, नुसत्या आठवणीने कळत नाही.

काय करू नये

सांध्यात अराल्डाइट किंवा एम-सील भरू नका. गोंद सुटतो तो आतल्या रुंद पट्टीवर, कडेला भरलेला लेप तिथपर्यंत पोचत नाही आणि भारही घेत नाही. त्याने फक्त भेग झाकली जाते, आणि डीलर 'तुम्ही छेडछाड केली' म्हणायला मोकळा होतो. गंज सोडवणाऱ्या स्प्रेचंही तेच. आवाज दाबला जातो, पुरावा धुतला जातो. बाइक धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशरचा पाइप तर क्रँकजवळ आणूच नका, पाणी जोराने आत ढकललं जातं. राइडनंतर तांब्याने गोडं पाणी ओतायचं, पुसायचं, सावलीत वारा लागेल अशी ठेवायची, एवढं पुरे. पडवीत समुद्राकडे तोंड करून ठेवलेली सायकल आणि घरात भिंतीला टांगलेली सायकल यांत एका पावसाळ्यात दिसण्याइतका फरक पडतो.

डीलरशी बोलताना

रिकॉल सहसा भागावर चालतं, बिलावर नाही. बिल असेल तर जोडा, वापरलेली सायकल घेतली म्हणून मागे सरू नका. फोनवर न बोलता ईमेल करा. मॉडेल, दोन अक्षरांचा कोड, सांध्याचे फोटो, आवाजाचा व्हिडिओ, आणि नेमकी मागणी: 'या क्रँकची मोहिमेनुसार तपासणी करून निकाल लेखी द्यावा.' तपासणीनंतर नुसतं तोंडी 'ओके' घेऊ नका. तारीख, कोड आणि काय पाहिलं हे कागदावर हवं. 'आमची सायकल किनाऱ्यावर असते, पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी हवी' हेही त्याच ईमेलमध्ये लिहून ठेवा. वर्षभराने हेच वाक्य कामाला येतं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून अख्खी सायकल पाठवणं खर्चाचं पडतं. आधी फोटोंवरून डीलरचा जॉब नंबर लेखी मिळवा, मगच क्रँक काढून पाठवा. कोडचा फोटो, पार्सल बंद करतानाचा फोटो, पावती, तिन्ही जपा. नवा न देता जुनाच क्रँक परत आला तर तो तुमचाच की दुसरा, हे या फोटोंवरूनच ठरतं.

टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये, जो जुलै २०२० पासून लागू आहे, धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला कलम २० खाली आहे. सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादकाची जबाबदारीही याच कायद्यात आहे, आणि पुरेशी धोक्याची सूचना न देणं हाही तिथे दोष धरला आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुंबईला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंत किमतीच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षांची. क्रँक तुटलाच असेल तर तुकडे धुऊ नका, पुसू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले तर आतल्या ओलीने भुकटी वाढेल, म्हणून कोरड्या कागदात गुंडाळा. आयोग गरज वाटल्यास वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवतो, आणि तुटलेल्या पृष्ठभागावर जुना पांढरा भाग किती आणि ताजा चकचकीत भाग किती, यावरून भेग कधीपासून होती याचा अंदाज येतो.

क्विक रिलीजची पेन्सिल

क्रँक पाहताय तर पुढच्या चाकाकडेही या, म्हणजे चाक हत्याराशिवाय काढता येणाऱ्या क्विक रिलीजच्या लिव्हरकडे. एप्रिल २०१५ मध्ये ट्रेकने अमेरिकेत सुमारे ९ लाख सायकली परत मागवल्या, त्याच वर्षी सप्टेंबरात आणखी १३ कंपन्यांच्या जवळपास १३ लाख. कारण एकच: पुढे डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीचा क्विक रिलीजचा लिव्हर १८० अंशांपेक्षा जास्त उघडून डिस्कमध्ये अडकायचा, आणि चाक जागच्या जागी थांबायचं किंवा सुटायचं. पहिल्या नोटिशीतल्या एका अपघातात सायकलस्वाराच्या हातापायांतलं बळ कायमचं गेलं.

तपासायला शाळेची पेन्सिल लागते. लिव्हर पूर्ण उघडा, डिस्ककडे ढकला, आणि लिव्हर व डिस्क यांच्यामध्ये पेन्सिल घाला. गेली तर ठीक. जात नसेल, म्हणजे फट ६ मिमीपेक्षा कमी असेल, तर तो क्विक रिलीज बदला.

किनाऱ्यावर यात एक वेगळी गडबड आहे, ती नोटिशीत नसते. लिव्हरच्या आतला फिरणारा भाग गंजतो आणि लिव्हर जड चालतो. हाताला वाटतं घट्ट बसलं. प्रत्यक्षात जोर गंजावर खर्च होतो, चाकाला पकड मिळतच नाही. डिस्क ब्रेक चाकाला खाचेतून बाहेर ढकलायचाच प्रयत्न करतो, म्हणून इथली ढिलाई जिवावर येते. लिव्हर काढून त्या भागात तेलाचा एक थेंब टाका. मग नट असा लावा की लिव्हर अर्धा वळल्यावर, म्हणजे चाकाला काटकोनात असताना, अडायला लागेल आणि पूर्ण बंद करताना तळहातावर त्याचा ठसा उमटेल. तेल घातल्यावर नट पूर्वीपेक्षा अर्धा-एक वळसा जास्त आत घ्यावा लागला, तर इतके दिवस चाक अर्धवटच धरलेलं होतं.

हँडलबार आणि हेल्मेट थोडक्यात. हँडलबारची टेप वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर काढाच. खाली घाम आणि मीठ मिळून ॲल्युमिनियमला खड्डे पाडतात, विशेषतः ब्रेक लिव्हरच्या पट्टीखाली. नख अडेल इतका खड्डा असेल तर बार बदला. हेल्मेटच्या आत निर्मितीची तारीख आणि मॉडेलचं स्टिकर असतं, घामाने ते आधी जातं, म्हणून त्याचाही फोटो. आयएस ४१५१ हा शिक्का मोटरसायकल हेल्मेटचा आहे. सायकलचं हेल्मेट घेताना ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी मानक पाहा.

नवा क्रँक मिळाल्यावर

बदलून आलेल्या क्रँकचाही कोड वाचा. आरजी किंवा त्यापुढचा हवा. जुन्या स्टॉकमधला यादीतलाच आर्म बदली म्हणून आला तर बसवू न देता परत करा. नवा बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरांनी दोन्ही बोल्ट पुन्हा १२ ते १४ न्यूटन मीटरवर तपासा.

कंपनीने जुना क्रँक परत मागितला तर द्या. नाही मागितला तर भंगारवाल्याकडे तसाच टाकू नका. भंगारातून चांगले दिसणारे अल्टेग्रा क्रँक जुन्या पार्टच्या बाजारात जातात आणि पुसून, पॉलिश करून पुन्हा कुणाच्या तरी सायकलवर चढतात. दावा मिटल्याचा कागद हातात आला की हॅकसॉने दोन्ही आर्म मधोमध कापा, कापलेल्या तुकड्यांचा कोडसकट एक फोटो काढा, आणि मग भंगारात द्या.